दोन वाजून दहा मिनिटांची प्रिंट

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या. कुणाला पटवत बसायची ताकद आता माझ्यात उरलेली नाही.

आणि आधीच सांगतो, ही रात्रीची गोष्ट नाही. भरदुपारची आहे. बाहेर रखरखीत ऊन, आत ट्यूबलाइट, डोक्यावर कुरकुरणारा पंखा. भूत बघायला मध्यरात्रीपर्यंत जागावं लागतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा हॉस्पिटलच्या रिपोर्ट खिडकीत दुपारी बसून दाखवावं.

चार वर्षांपूर्वीचा उन्हाळा. वार गुरुवार. वेळ, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं.

ही वेळ मी विसरायचा खूप प्रयत्न केला.

माझी थोरली बहीण एका मोठ्या हॉस्पिटलात नोकरीला आहे. लॅबच्या शेजारी एक छोटी खोली, खोलीला सरकत्या काचेची एक खिडकी, आणि खिडकीच्या आत ताई. रक्ताचे, लघवीचे, गाठीचे, सगळे रिपोर्ट तिथून मिळतात. लॅबवाले रिपोर्ट वेबसाइटवर चढवतात. ताईने तो उघडायचा, प्रिंट म्हणायचं, परत ‘हो’ म्हणायचं, कागद घ्यायचा, पान बंद करायचं. मग माणूस खिडकीत आला की कागद त्याच्या हातात द्यायचा आणि वेबसाइटवरचं ‘दिला’ हे बटण दाबायचं. दिवसाला दोनशेच्या वर रिपोर्ट. माउस दाबून दाबून तिचं मनगट कामातून गेलं होतं. पट्टा बांधून यायची. घरी गेल्यावर पोळी लाटता येत नव्हती तिला.

मी कॉम्प्युटरची कामं करतो. म्हणजे चार ऑफिसांत काही बिघडलं की मला हाक मारतात, तेवढंच. पण बहिणीचा हात बघवेना, म्हणून एका रविवारी बसलो आणि तिला एक स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम, लिहून दिली.

काम सोपं होतं. ब्राउझरला असं सांगून ठेवता येतं की ‘प्रिंट करू का’ हे विचारत बसू नकोस, सरळ छाप. बाकीचं स्क्रिप्ट करते. यादीतला पहिला रिपोर्ट उघडते, छापते, बंद करते, दुसरा उघडते. ताईने सकाळी एकदा सुरू करायचं आणि चहा घ्यायचा.

ब्राउझर छापताना कागदाच्या वर बारीक अक्षरात तारीख आणि वेळ टाकतो, खाली वेबसाइटवरच्या त्या पानाचा पत्ता. ते मी मुद्दाम चालू ठेवलं, कारण पत्त्यात रिपोर्टचा नंबर असायचा आणि ताईला कागद लावून ठेवायला तो उपयोगी पडायचा. वरची ओळ आणि खालची ओळ. एवढं ध्यानात असू द्या.

आणि मग मी एक शहाणपणा केला.

छापून झालं की ‘दिला’ हे बटणही स्क्रिप्टनेच दाबायचं, असं मी लिहून टाकलं.

ताई म्हणाली, “अरे, ते मी कागद हातात देताना दाबते ना?”

“तेवढेच दोनशे क्लिक वाचतील तुझे. आणि छापला म्हणजे देणारच आहेस की.”

“बघ बाबा. तुला कळतं त्यातलं.”

मला काही कळत नव्हतं. पण ते पुढे.

दोन महिने सगळं झकास चाललं. ताईच्या मनगटाची सूज उतरली. लॅबचे डॉक्टर मला बघून हात हलवायला लागले. मी हवेत.

मग एका सोमवारी प्रिंटरमध्ये कागद अडकला. ताईने आपण सगळे करतो तेच केलं. कागद ओढून काढला, प्रिंटर बंद केला, परत चालू केला. प्रिंटर बंद झाल्यावर त्याच्या पोटात थांबलेली पानं पुसली गेली, हे आम्हाला फार नंतर कळलं. स्क्रिप्टला त्याचा पत्ताच नव्हता. स्क्रिप्टने पानं पाठवली होती, म्हणजे तिच्या लेखी ती छापली गेली होती. एकोणीस रिपोर्ट. सगळ्यांपुढे ‘दिला’.

मंगळवारपासून भांडणं सुरू झाली. “रिपोर्ट कुठाय?” “दिलाय तुम्हाला.” “कुणाला दिलाय? मला की माझ्या भुताला?” एक बाई तर काचेवर हात आपटून गेल्या. ‘दिला’ असलेला रिपोर्ट परत छापायचा तर नियम कडक होता. ज्याचा रिपोर्ट त्याच्या सहीचा अर्ज हवा, नाहीतर आपल्या डॉक्टरांकडून फोन आणा. लोकांनी आरडाओरडा केला, फोन आणले, रिपोर्ट घेऊन गेले. हळूहळू अठरा जण निस्तरले.

एकोणिसावे आजोबा होते. ते भांडले नाहीत.

पंचाहत्तरीचे असतील. इस्त्रीचा शर्ट, खिशात चष्म्याचं पत्र्याचं घर. आजींचा रिपोर्ट हवा होता. मंगळवारी आले, ताईने स्क्रीनवर बघून “दिलाय” सांगितलं. “बरं,” म्हणाले आणि गेले. बुधवारी परत आले. “घरात सगळीकडे शोधला हो. नाहीये.” ताईने अर्जाचा कागद दिला. म्हणाली, आजींची सही आणा. आजींना जिना उतरवत नव्हता. आजोबा अर्ज घडी करून खिशात ठेवून गेले.

गुरुवारी मी तिथे होतो. कागद सारखा अडकतोय म्हणून ताईने मला बोलावलं होतं. दोन वाजता खिडकी बंद झाली. ताई डबा खायला गेली. मी प्रिंटरचं झाकण उघडून बसलो होतो, हात शाईने काळे, डोकं तापलेलं. सकाळपासून ते माझं तिसरं ऑफिस होतं.

टक... टक... टक.

काचेवर कुणीतरी चष्म्याच्या घराने वाजवत होतं.

मी मान वर केली. आजोबा. घामाने शर्ट अंगाला चिकटलेला. त्यांनी अर्ज काचेला लावून दाखवला.

“सही आणलीय हो.”

“दोनला बंद होतं, आजोबा.”

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मीही बघितलं. दोन वाजून दहा मिनिटं.

“अर्ज तरी ठेवून घ्या.”

“मी इथला नाही. उद्या या.”

“एक प्रिंटच आहे ना?”

कॉम्प्युटर चालू होता. मला छापून देता आला असता. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसतं. पण मी वैतागलो होतो, भूक लागली होती, आणि खरं सांगतो, ताईकडून ऐकून आजोबा विसराळू आहेत असंच मला वाटत होतं. मी अर्जावरचा नंबर यादीत शोधला, स्क्रीन त्यांच्याकडे वळवली आणि बोटाने दाखवलं.

“हे बघा, दिला लिहिलंय. मशीन कशाला खोटं बोलेल? उद्या या.”

“बरं,” म्हणाले.

आणि गेले.

शुक्रवारी ते आले नाहीत. शनिवारीही नाही. आमच्या कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. भांडणारा माणूस लक्षात राहतो.

सोमवारी ताईचा फोन आला.

“तुझी स्क्रिप्ट एक पान जास्त छापतेय.”

“जास्त कसं छापेल?”

“मला काय विचारतोस? सकाळचे सगळे झाले. मी डबा खाऊन आले तर ट्रेमध्ये एक कोरा कागद. वरची ओळ, खालची ओळ, मध्ये काही नाही.”

म्हटलं, रिकामं पान गेलं असेल. दुर्लक्ष कर.

मंगळवारी परत. बुधवारी परत. मी जाऊन स्क्रिप्ट ओळ न् ओळ तपासली. चूक सापडली नाही. गुरुवारी मी ती काढूनच टाकली. ताई बिचारी परत हाताने छापायला लागली, पट्टा बांधून.

दुपारी कागद आलाच.

शुक्रवारी, शनिवारी... पुढच्या सोमवारी... रोज एक. ताई काटकसरी. कोरे कागद फेकायचे कशाला म्हणून त्यांच्या मागे ती टोकनचे नंबर लिहायची. आमच्या नशिबाने एकही फाडला नव्हता.

दुसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी मी मुद्दाम दीड वाजता जाऊन बसलो. अकरावा दिवस होता तो. दोनला ताईने खिडकी लावली. मी कॉम्प्युटर बंद केला. नुसता स्क्रीन नाही, पूर्ण बंद. प्रिंटर तेवढा चालू ठेवला.

“डबा उघडू का?” ताईने विचारलं.

“थांब जरा.”

पंखा कुरकुरत होता. बाहेर स्ट्रेचरची चाकं वाजली आणि लांब गेली. मग व्हरांड्यातला नेहमीचा गलका एकदम थांबला. खोकला नाही, चपलांचा आवाज नाही, कुणाचा फोन नाही.

मग...

टक... टक... टक.

काचेपलीकडे कुणी नव्हतं.

ताईने माझा दंड धरला. तिच्या दुखऱ्या हाताने. आणि प्रिंटरने आत श्वास घेतल्यासारखा आवाज केला, कागद ओढला, आणि सावकाश बाहेर सोडला.

आम्ही दोघंही जागचे हललो नाही. शेवटी ताईच उठली. तीस वर्षं हॉस्पिटलात काढलेली बाई ती, माझ्यापेक्षा खमकी. तिने कागद उचलला, चष्मा लावला.

“अरे, ही तारीख आजची नाही.”

आम्ही सगळे अकरा कागद टेबलावर मांडले. अकराही कागदांवर वरती एकच तारीख. एकच वेळ. दोन वाजून दहा मिनिटं. आणि खाली एकच पत्ता, एकच नंबर.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती तारीख शोधली. गुरुवार होता तो.

ताईला मी तोवर सांगितलंच नव्हतं की त्या दिवशी कुणी आलं होतं. सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. आता सांगितलं. मी बोलणी खायला तयार होतो, पण ती सरळ कॉम्प्युटरकडे वळली.

कॉम्प्युटर सुरू करून तो नंबर उघडला. एका आजींचं नाव, वय एकाहत्तर, गाठीची तपासणी. शेवटी लाल अक्षरात, ‘रुग्णाने तातडीने डॉक्टरांना भेटावे’. आणि वर कोपऱ्यात हिरवं, गोंडस, मी लिहिलेलं ‘दिला’.

अठरा दिवस झाले होते त्या लाल ओळीला.

ताईने प्रिंट दिली. कागद आला. वरची ओळ, खालची ओळ. मध्ये कोरा. परत दिली. परत कोरा. दुसऱ्या कुणाचाही रिपोर्ट नीट छापला जात होता. हा एकच नाही.

“सरक,” ताई म्हणाली. तिने मनगटाचा पट्टा सोडला, पेन घेतलं आणि स्क्रीनवर बघून सगळा रिपोर्ट हाताने उतरवून काढला. दोन पानं. मध्ये दोनदा हात झटकला. मग लॅबच्या डॉक्टरांची सही आणि शिक्का घेऊन आली. “चल. घरचा पत्ता आहे वेबसाइटवर.”

तिसरा मजला, लिफ्ट नाही. दार सुनेने उघडलं. तिशीतली, डोळ्यांखाली काळं. ताईने हॉस्पिटलातून आलोय सांगितलं आणि आजोबांची चौकशी केली.

“सासरे गेले,” ती म्हणाली. “पंधरा दिवस झाले.”

मी बोटांवर मोजलं नाही. मोजायची गरज नव्हती.

“गुरुवारी दुपारी उन्हातून आले. बूट काढले, चष्म्याचं घर टेबलावर ठेवलं. आईंना म्हणाले, उद्या मिळेल. खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत.”

ताईने भिंतीला हात टेकला. मग हळूच म्हणाली, “आम्ही आजींचा रिपोर्ट आणलाय. फार उशीर झालाय, पण आणलाय.”

आतून आवाज आला. “कोण आहे गं? रिपोर्टवाले का? त्यांना सांग, तो मिळाला.”

सुनेने आमच्याकडे बघितलं. आवाज खाली करून म्हणाली, “त्या असंच बोलतात हल्ली. ते रोज दुपारी येतात म्हणे, कागद देऊन जातात. आम्ही काय बोलणार? हो म्हणतो.”

“कागद बघितलेत तुम्ही?” मी विचारलं.

“कसला कागद? काही नसेल हो.”

आजी पलंगावर उशाला टेकून बसल्या होत्या. बारीक चणीच्या. चेहरा शांत, थकलेला. त्यांनी उशीखाली हात घातला आणि कागदांची चळत बाहेर काढली.

“एक पुरे म्हटलं त्यांना. ऐकतात कुठे? रोज आणतात.”

मी कागद हातात घेतले.

अकरा होते.

अकराही कागदांवर पूर्ण रिपोर्ट छापलेला होता. नाव, वय, आकडे, शेवटची लाल ओळ. आमच्याच वेबसाइटचं पान. फक्त... वरची ओळ नव्हती. खालची ओळही नव्हती. तारीख नाही, वेळ नाही, पत्ता नाही. आमच्याकडच्या कागदांवर जेवढं होतं, तेवढंच नेमकं यांच्यावर नव्हतं.

आणि सगळ्यात वरचा कागद गरम होता. नुकत्याच प्रिंटरमधून आलेल्या कागदासारखा. आमच्या खोलीतून निघून आम्हाला तासभर झाला होता.

सून दारात उभी होती. तिने ते कागद बघितले आणि तोंडावर हात ठेवून खाली बसली.

“आजी,” ताईने लाल ओळीवर बोट ठेवलं, “यात लिहिलंय, लगेच डॉक्टरांकडे जा. तुम्ही कुणाला दाखवलं का नाही?”

“ते म्हणाले, न्यायला माणसं येतील. थांब.” आजींनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. रागाने नाही. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

“उद्या या म्हणाले, ते तुम्हीच का?”

मी हो म्हणालो.

“बरं,” म्हणाल्या. अगदी त्यांच्यासारखंच.

त्याच संध्याकाळी आम्ही आजींना खुर्चीत बसवून तीन मजले खाली आणलं. एका बाजूला सून, एका बाजूला मी. ताईने मोठ्या डॉक्टरांना घरून बोलावलं. आठवड्याच्या आत ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, अजून महिना गेला असता तर हात टेकले असते. आजी आजही आहेत. काठी घेऊन जिना उतरतात. दिवाणखान्यातली ती खुर्ची मात्र त्यांनी कुणाला बसायला दिलेली नाही.

शनिवारपासून कोरा कागद यायचा बंद झाला.

मी स्क्रिप्ट बदलून परत बसवली. आता ती ‘दिला’ दाबत नाही. छापलेल्या प्रत्येक नावापुढे प्रश्न येतो, ‘कागद हातात दिला का?’ आणि ताई माणसाकडे बघून ‘हो’ दाबते. दोनशे क्लिक परत वाढले. ती कुरकुर करत नाही. आणि दोन वाजून दहा मिनिटांनी ती काच पुन्हा दहा मिनिटं उघडी ठेवते. नियमात बसत नाही, पण तिच्या साहेबांनी एकदा विचारलं तेव्हा तिने त्यांच्याकडे असं बघितलं की ते पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं.

गेल्या महिन्यात ताई एक दिवस रजेवर होती. तिच्या जागेवर माणूस मिळेना, म्हणून साहेबांनी मला बसवलं. सकाळपासून खिडकीत चेहरेच चेहरे. दोनपर्यंत माझा घसा बसला. छापलेले सगळे रिपोर्ट गेले. यादीत सगळीकडे ‘हो’.

दोन दहाला ताईच्या सवयीप्रमाणे मी काच पूर्ण बाजूला सरकवली. बाहेर कुणी नव्हतं.

टक... टक... टक.

काच उघडी होती. वाजवायला समोर काच नव्हतीच.

मी स्क्रीनकडे बघितलं. यादीतल्या एका नावापुढचं ‘हो’ माझ्या डोळ्यांदेखत बदललं. ‘नाही’ झालं. माउसला माझा हात लागलेला नव्हता.

मी प्रिंटर पुढे ओढला. भिंत आणि ट्रेच्या फटीत त्या नावाचा रिपोर्ट पडलेला होता. मी दुसऱ्याच कुणाला कागद देताना घाईत यांच्या नावापुढे ‘हो’ दाबलं असणार. त्यांना फोन केला. रिक्षाने आले, घेऊन गेले. मी एकटाच उरलो.

मला माफी मागायची होती. चार वर्षं मनात धरून ठेवली होती. उघड्या खिडकीकडे बघून म्हणालो, “आजोबा...”

डोळे मिटत होते. पाठ भरून आली होती. काच लावायला हात पुढे केला आणि तोंडातून आपोआप, रिपोर्ट तयार नसलेल्यांना सकाळपासून शंभरदा म्हटलं तेच निघालं.

“उद्या या.”

माझं मलाच ऐकू आलं, तेव्हा फार उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी ताई कामावर होती. मी घरी झोपलो होतो. दुपारी तिचा फोन आला. घड्याळ बघितलं नाही, पण किती वाजले असणार ते मला कळलं.

“अरे, काल तू इथे काही बोललास का?” तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. “कोरा कागद आलाय. वर कालची तारीख आहे.”

“आणि खाली? खाली कुणाचा नंबर आहे?”

मागे पंखा कुरकुरत होता.

“खाली काही नाही. तू ये इकडे,” ताई म्हणाली. “ते तुलाच विचारतायत वाटतं.”

मी अजून गेलेलो नाही. रोज म्हणतो, उद्या जाईन.